अकरा हजार वर्षांचं पाणी

खासदारांची खाजगी विधेयकं पास होण्यासाठी नसतात, हे संसदेच्या आवारात चहा देणाऱ्यालाही ठाऊक असतं. शुक्रवारी दुपारी साडेतीनला ती चर्चेला येतात. तोवर बरेच सदस्य विमानतळाच्या वाटेला लागलेले असतात आणि उरलेल्या साठसत्तर जणांपुढे एखादा हौशी सदस्य तळमळीने बोलत असतो. मग संबंधित मंत्री उठतात, त्या तळमळीचं तोंडभरून कौतुक करतात, सरकार या विषयावर लवकरच व्यापक धोरण आणणार असल्याचं सांगतात आणि विधेयक मागे घेण्याची विनंती करतात. सदस्य विनंतीला मान देतो, सभागृह परवानगी देतं, आणि सगळे आपापल्या घरी जातात.

ज्योत्स्ना धांडेने कलम सात लिहिलं ते याच भरवशावर.

तापीच्या खोऱ्यातून ती अपक्ष म्हणून दुसऱ्यांदा निवडून आली होती. वय अठ्ठावन्न, आवाज खणखणीत, आणि शेती समितीच्या बैठकीत अधिकाऱ्यांना घाम फोडणारी बाई अशी ख्याती. तिच्या 'जुने भूजल संरक्षण विधेयका'चा पहिला मसुदा तसा समजूतदार होता. खूप जुनं पाणी उपसणारे बोअर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावेत, शेतकऱ्याला पीक बदलायला अवधी द्यावा, असं त्यात होतं. तिचे सल्लागार दिगंबर रेगे यांनी त्यावर लाल रेघ ओढली. रेगे संसदेच्या सचिवालयातून निवृत्त झालेले, नियमांची पुस्तकं मुखोद्गत असलेले गृहस्थ.

"ताई, दहा वर्षं लिहिलीत तर मंत्री म्हणतील पन्नास वर्षांनी बघू," ते म्हणाले. "नव्वद दिवस लिहा. अपवाद नाही, असं लिहा. ते दचकले पाहिजेत. मग विनंती करताना तेच तुम्हाला दहा वर्षांचं आश्वासन देतील. आणि सभागृहात दिलेलं आश्वासन मंत्र्याला पाळावं लागतं."

ज्योत्स्नाला ते पटलं. कलम सात असं झालं: ज्या बोअरच्या पाण्याचं वय एक हजार वर्षांहून अधिक आढळेल, त्याचा शेतीसाठीचा उपसा नव्वद दिवसांत सील केला जाईल आणि या तरतुदीला कोणताही अपवाद असणार नाही. लिहून झाल्यावर दोघांनी चहा घेतला आणि आपल्या हुशारीवर मनापासून हसले.

पाण्याला वय असतं हे ज्योत्स्नाला सांगितलं डॉ. झरीन मुल्ला यांनी. या बाई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत. पावसाचं पाणी हवेतून खाली येताना आर्गॉन नावाचा वायू सोबत घेऊन येतं. त्या आर्गॉनमध्ये एक किरणोत्सारी भाऊबंद असतो, आर्गॉन-३९. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे तो हवेत सतत तयार होत राहतो. पाणी जमिनीत खोल गेलं की नवा पुरवठा बंद होतो, आणि आत गेलेले अणू घटत जातात, दर दोनशे एकोणसत्तर वर्षांनी निम्मे. किती उरले ते मोजलं की ते पाणी आभाळातून कधी पडलं ते कळतं. हजारबाराशे वर्षांनी ते मोजण्याजोगे उरत नाहीत. त्यापुढचं वय पाण्यात विरघळलेल्या कार्बन-१४ वरून काढायचं, कारण त्याची घट फार सावकाश होते.

घोडं अडलं होतं ते मोजणीपाशी. आर्गॉनच्या एकावर पंधरा शून्यं इतक्या अणूंत हा भाऊबंद जेमतेम एक सापडतो. पूर्वी त्यासाठी हॉलभर यंत्रं लागत आणि निकालाला महिने लागत. मुल्लाबाईंनी ते सगळं शिलाई मशीनएवढ्या पेटीत बसवलं. पेटीत सहा बाजूंनी लेसरचे किरण एका बिंदूवर येतात. त्यांचा रंग असा जुळवलेला असतो की बाकीचे अणू त्यांतून सरळ निघून जातात आणि आर्गॉन-३९ तेवढा अडकतो. अडकलेला अणू क्षणभर चमकतो, कॅमेरा त्याची नोंद घेतो. कार्बनसाठी पेटीत वेगळा कप्पा होता. पेटी बोअरच्या पाइपाला जोडली की तीन दिवसांत आकडा हातात. विधेयकात लिहिलं होतं की देशातल्या प्रत्येक खोल बोअरला अशी पेटी बसवावी आणि पाण्याचं वय पंपाच्या खोलीवर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं लावावं.

ज्योत्स्नाने चाळीस गावांत सभा घेऊन हे समजावलं होतं. "जे पाणी साठायला दहा हजार वर्षं लागली ते आपण वीस वर्षांत उपसतो आहोत. ते परत भरणार नाही. ते आपलं नाहीच," असं ती सांगायची आणि तिला ते मनापासून वाटायचं. लोक टाळ्या वाजवायचे, कारण जुनं पाणी दुसऱ्याच कुणाच्या तरी बोअरमध्ये असणार, अशी प्रत्येकाची खात्री होती.

सगळ्यांत जास्त खात्री होती तिच्या मोठ्या भावाची. प्रल्हाद भारंबे, पिंपळझिरीचे. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची केळीची बाग होती, पण पंचक्रोशीत नाव होतं ते बागेमुळे नव्हे. पावसाळ्यात डोंगरातून धावत येणारे नाले तापीला मिळण्याआधी अडवायचे, पाणी गाळून घ्यायचं आणि खोल शाफ्टमधून जमिनीच्या पोटात सोडायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. दर उन्हाळ्यात गाव श्रमदानाला यायचं. दोनशे बारा शाफ्ट झाले. लोक त्यांना झिरपेदादा म्हणायचे. चेष्टेत सुरू झालेलं ते नाव पुढे आदराने घेतलं जाऊ लागलं.

"पह्यली पेटी माह्याच बोअरले लाव, बाई," ते ज्योत्स्नाला म्हणाले होते. "लोकायले दिसू दे. आपलं पानी एकदम पोरसवदा आहे. आपन मुरवलेलं."

पेटी लावली. चौथ्या दिवशी मुल्लाबाईंचा फोन आला. पाण्याचं वय अकरा हजार चारशे वर्षं निघालं होतं.

"चूक असेल," ज्योत्स्ना म्हणाली.

"तीनदा मोजलं. आर्गॉन शून्य आहे, ताई. नवं पाणी शंभरात पाच भाग जरी मिसळलं असतं तरी दिसलं असतं. तुमच्या दादांच्या शाफ्टमधला थेंबही त्या थरापर्यंत पोहोचलेला नाही. मध्ये चिकणमातीचा जाड थर आहे. तो तापीकडे उतरता आहे. पाणी त्याच्यावरून घसरत वर्षा-दोन वर्षांत नदीला जाऊन मिळालं असणार."

"पण एका वर्षी बोअरची पातळी वर आली होती. दादाने जेवणावळ घातली होती गावाला."

मुल्लाबाई म्हणाल्या, "मी नोंदी पाहिल्या. त्या वर्षी ट्रान्सफॉर्मर जळाला होता. चार महिने उपसाच झाला नाही."

ज्योत्स्नाने फोन ठेवला. रागावावं असं कुणीच समोर नव्हतं. दादा संध्याकाळी फोनवर विचारत होते, आकडा आला का म्हणून. ती म्हणाली, पेटी नवी आहे, वेळ लागतो. भावाशी ती अशी पहिल्यांदाच खोटं बोलली. आकडा फक्त तिला आणि मुल्लाबाईंना ठाऊक होता. दोन आठवड्यांनी विधेयक चर्चेला येणार, मंत्री विनंती करणार, आपण मागे घेणार. पुढचं सरकारी धोरण यायला वर्षं लागतील. तोवर दादाला कसं सांगायचं ते सुचेलच, अशी तिने स्वतःची समजूत घातली. कलम सातला दुरुस्ती सुचवावी असं तिच्या मनातही आलं नाही. जे मागेच घ्यायचं आहे त्याला दुरुस्ती कोण सुचवतं?

हिवाळी अधिवेशनातला तो शुक्रवार उजाडला. सकाळी साडेनऊला जलमंत्री त्रिभुवन सहाय यांनी तिला आपल्या दालनात बोलावलं. विनंतीची भाषा आधी ठरवून घ्यायची असेल, असं समजून ती गेली.

"धांडेजी, अभिनंदन," मंत्री हिंदीत म्हणाले. "सरकार तुमचं विधेयक स्वीकारतंय."

ज्योत्स्ना हसली. मंत्रीही हसले, पण त्यांचं हसणं थट्टेचं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात जागतिक भूजल परिषद आपल्याकडे भरते आहे," ते म्हणाले. "पन्नास देश येणार. त्यांना दाखवायला कायदा हवा. सरकारी विधेयक तयार करायचं तर वर्ष जाईल. तुमचं तयार आहे. आज इथे पास करू, पुढच्या आठवड्यात वरच्या सभागृहात. सगळ्यांनी बाजूने मत द्यायचं, असा पक्षादेश निघालाय."

"आणि कलम सात?"

"तेच तर उत्तम आहे. एक पळवाट नाही त्यात."

"नव्वद दिवस फार कमी होतात, साहेब. तुम्ही दुरुस्ती आणा. मी पाठिंबा देते."

"मी कशाला आणू?" मंत्र्यांनी टेबलावरची मनुक्यांची वाटी तिच्यापुढे सरकवली. "सूट मागायला लोक माझ्याकडे येतील. मी सांगेन, कायदा धांडेजींचा आहे, त्यांना विचारा. श्रेय सगळं तुमचं."

ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात रेगे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की पक्षादेशाची बातमी त्यांनाही लागली आहे.

"दुरुस्ती?" तिने विचारलं.

"नोटीस एक दिवस आधी द्यावी लागते. मुदत काल संपली. अध्यक्ष सूट देऊ शकतात, पण मंत्र्यांची ना असेल तर नाही देणार."

"नव्वद दिवस लिहा म्हणाला होतात तुम्ही."

"एकतीस वर्षं मी या इमारतीत काढली, ताई. असं कधी झालेलं मी पाहिलं नाही." रेग्यांनी चष्मा काढून पुसला. "एक रस्ता आहे. चर्चेला उत्तर देताना विधेयक मागे घ्यायची परवानगी मागा. सभागृहाने ती नाकारलेली मी कधी पाहिलेली नाही."

"हेही तुम्ही कधी पाहिलेलं नाही का?" ज्योत्स्ना म्हणाली आणि लगेच तिला वाईट वाटलं, कारण म्हातारा खाली मान घालून उभा राहिला.

ज्योत्स्ना घरी परतली तर बंगल्याच्या हिरवळीवरून धूर निघत होता. दादा आदल्या दिवशीच आले होते, बहिणीचं विधेयक गॅलरीत बसून बघायला. सोबत भरताची वांगी आणली होती आणि ती भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भाराही. दिल्लीच्या हवेत उघड्यावर जाळ करायला बंदी आहे, हे दारावरचा शिपाई काकुळतीला येऊन सांगत होता.

"अरे, हे पर्यावरनवाल्या बाईचंच घर आहे," दादा त्याला म्हणत होते. "दोन वांग्यांनं काय हवा बिघडते? ये बाई, बस. तोंड काब्रं असं झालं?"

काब्रं म्हणजे का. दादांसमोर बसलं की ज्योत्स्नालाही गावची बोली आठवायची, पण आज ती सभागृहातल्याच भाषेत बोलली. शिपायाला तिने आत पाठवलं. मग जाळासमोरच्या पाटावर बसून तिने सगळं सांगितलं. आकडा, चिकणमातीचा थर, तापी, जळालेला ट्रान्सफॉर्मर. मंत्री काय म्हणाले तेही.

दादा वांगं उलटत होते. ते एका बाजूने करपलं तरी त्यांचा हात हलला नाही.

"किती दिवस झाले हे कळून?" त्यांनी विचारलं.

"पंधरा."

"आन मले सांगलं नही."

"हिंमत झाली नाही, दादा."

दादांनी वांगं जाळाबाहेर ओढलं आणि ते गुडघ्यांना मिठी मारून बसले. शाफ्ट खणण्याच्या तीस वर्षांत या माणसाला तिने थकलेलं पाहिलं होतं, चिडलेलं पाहिलं होतं, पण असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना जवळ घ्यावं असं तिला वाटलं. पण ज्या बातमीने ते खचले होते ती तिनेच आणली होती.

"गनू सोनवन्याचा हात गेला त्या कामात," दादा शेवटी म्हणाले. "साठ नंबरच्या शाफ्टले. मी त्याले सांगलं व्हतं, हात गेला पन पानी तुह्या नातवाले पुरीन. आता त्याच्या दारासमोरच्या पाटीवर अकरा हजार लिहिनार का तुम्ही? आन नव्वद दिवसांनं त्याचीबी मोटर बंद?"

"हो."

"दोन तालुके बंद पडतीन."

"हो, दादा."

"मांगे घे ते," ते म्हणाले. "मी आजवर तुले काही मांगलं नही. तू हे मांगे घे."

ज्योत्स्नाने होकार दिला. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटलं, कारण जे करायचं ती मनाशी ठरवूनच आली होती ते आता दादांनी सांगितलेलं झालं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी त्या सुटल्यासारखं वाटण्याची तिला लाज वाटली. चाळीस गावांत सांगितलेलं सगळं खरंच होतं. ते पाणी उपसायलाच नको होतं. फक्त ते उपसणं नव्वद दिवसांत, दादाच्या बोअरपासून थांबायला नको होतं.

साडेतीनला ती सभागृहात शिरली आणि दारातच थबकली. सगळे बाक भरले होते. शुक्रवारी दुपारी इतकी माणसं तिने आठ वर्षांत पाहिली नव्हती. वर प्रेक्षक गॅलरीत पहिल्या रांगेत दादा बसले होते, पांढरा सदरा, त्यावर बंद गळ्याचा कोट, हात मांडीवर.

चर्चा झाली. एकामागून एक सदस्य उठले आणि तिची स्तुती करून बसले. विरोधी बाकांवरच्या लोकांनीही पाठिंबा दिला, कारण भूजलाच्या विरोधात बोलणार कोण? मंत्री सहाय यांनी सरकार विधेयक स्वीकारत असल्याचं जाहीर केलं तेव्हा बाकं वाजली. मग पीठासीन अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं.

"अध्यक्ष महोदय," ज्योत्स्ना म्हणाली, "सदस्यांच्या भावना ऐकून मी भारावले आहे. तथापि काही तांत्रिक बाबी नव्याने पुढे आल्या आहेत. त्यांचा अभ्यास व्हायला हवा. म्हणून हे विधेयक मागे घेण्यास सभागृहाने परवानगी द्यावी, अशी मी विनंती करते."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सत्ताधारी बाकांवरून एक सदस्य उठले आणि त्यांनी हरकत घेतली. नियमाप्रमाणे दोघांनाही थोडक्यात कारण सांगायची संधी मिळाली.

"कोणत्या तांत्रिक बाबी?" अध्यक्षांनी विचारलं.

ज्योत्स्नाने वर पाहिलं. दादा पुढे झुकून ऐकत होते. सांगायचं तर पिंपळझिरीचा आकडा सांगावा लागणार होता, साऱ्या देशासमोर, त्यांच्या देखत.

"मोजणीबाबत काही शंका आहेत," ती म्हणाली.

मंत्री सहाय उठले. त्यांच्या हातात कागद होता. "अध्यक्ष महोदय, माननीय सदस्यांनीच चाळीस गावांत सांगितलं आहे, आणि मी त्यांचेच शब्द वाचतो. 'ही मोजणी अणू मोजते. अणू कुणाच्या ओळखीचे नसतात, ते कुणासाठी खोटं बोलत नाहीत.' आता शंका कसली? त्या भारावल्या आहेत, एवढंच झालंय."

सभागृह हसलं. अध्यक्षांनी परवानगीचा प्रस्ताव मताला टाकला आणि 'नाही'चा गजर छताला जाऊन भिडला.

"म्हणजे मला माझं विधेयक मागे घेता येत नाही?" ज्योत्स्नाने न राहवून विचारलं.

"माननीय सदस्या, ते आता तुमचं राहिलेलं नाही," अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले. "ते सभागृहाचं आहे."

कलमं एकेक करून मंजूर झाली. कलम सातला दहा सेकंदही लागले नाहीत. मग अखेरचं मतदान. आवाजी मतदानाने भागलं असतं आणि ज्योत्स्नाला गप्प राहता आलं असतं. पण मंत्र्यांना परिषदेत दाखवायला भक्कम आकडा हवा होता, म्हणून त्यांच्याच बाकांवरून मतविभाजनाची मागणी आली. घंटा वाजू लागल्या. लॉबीची दारं बंद करण्याचा आदेश झाला आणि शिपायांनी एकेक दार लावून घेतलं. आता निकाल लागेपर्यंत कुणी बाहेर जाऊ शकत नव्हतं.

समोरच्या पट्टीवर तीन बटणं होती. हिरवं होकाराचं, लाल नकाराचं, पिवळं तटस्थ राहण्याचं. तिने काहीही दाबलं तरी निकाल तोच लागणार होता, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मग आपल्या हातात काय उरलं? दादांसाठी आपण काहीच करू शकलो नाही, निदान त्यांच्या बाजूला उभे होतो एवढं तरी त्यांना दिसावं. बंगल्यातल्या जाळासमोर बसलेला त्यांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिचं मन भरून आलं. पिवळ्यावर बोट गेलं होतं. ते तिने उचललं आणि लाल बटण दाबलं.

मोठ्या फलकावर दिवे लागले. बाजूने चारशे सहा. विरोधात एक.

कुजबुज झाली, माना वळल्या. रेगे प्रेक्षक गॅलरीत मागे बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. मंत्री सहाय मात्र तिच्याजवळ येऊन हात जोडून म्हणाले, "काही हरकत नाही. कायदा तुमच्याच नावाने ओळखला जाईल, धांडेजी." आणि ते खरंच होतं. दाराबाहेर पत्रकार आतापासूनच 'धांडे कायदा' म्हणू लागले होते.

पाहुण्यांच्या दरवाज्याबाहेर दादा उभे होते. ऊन उतरलं होतं, हवेत गारठा होता. त्यांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. ज्योत्स्ना जवळजवळ धावतच त्यांच्याजवळ गेली. ते तिला काहीतरी बोलतील, पाठीवर हात ठेवतील, असं तिला वाटत होतं.

"ते मोजनीवर शंका म्हनली तू," दादा म्हणाले. "खरंच चुकली का मोजनी?"

"नाही."

"पानी अकरा हजार वर्षांचंच आहे."

"हो, दादा."

"मंग लाल काब्रं दाबलं?"

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तू म्हणालास म्हणून. मागे घेऊ देईनात, तर मग..."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता.

"मी तुले मांगे घे म्हनलो व्हतो, बाई. हात जोडून मांगलं व्हतं. खोटं बोल नव्हतो म्हनलो."

दादांनी गॅलरीचा पास खिशातून काढला, त्याची घडी घातली आणि परत खिशात ठेवला.

"आजच्याच गाडीनं निघतो," ते म्हणाले. "नव्वद दिवस आहेत. पेट्या यायच्या आत गावाले सांगा लागीन. गनूच्या घरी पह्यले जाईन."

"मीही येते. लोकांना मी समजावते, दादा. सभा घेऊ. चिकणमातीचा थर, नदीला गेलेलं पाणी, सगळं मी नीट सांगते. माझं ऐकतात ते."

"ऐकत व्हते," दादा म्हणाले. ते अगदी हळू बोलत होते, लहानपणी तिला गणित समजावताना बोलायचे तसं. "आता तू सांगशीन पानी जुनं आहे, तं लोक इचारतीन, मंग साऱ्या देशात तूच एकटी नही काब्रं म्हनली? ते म्हनतीन पेटीतच खोट आहे, झिरपेदादाच्या बहिनीलेबी ठाव व्हतं. मंग माहंबी कोनी ऐकनार नही. तू नको येऊ, बाई. तू आलीस तं मले खरं सांगता येनार नही."

ते रिक्षा शोधायला रस्त्याकडे निघाले. ज्योत्स्ना त्यांच्यामागून दहाबारा पावलं गेली. मग तिला थांबावं लागलं, कारण समोरून कॅमेरेवाले येत होते, आणि धांडे कायद्याच्या धांडेबाईंना दोन शब्द विचारल्याशिवाय ते तिला पुढे जाऊ देणार नव्हते.